झडप नवी, पण स्नायू जुनाच

तलावपाळीवर सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटातील एका काकांच्या हृदयाची महाधमनीकडील झडप गेल्या पावसाळ्यात बदलण्यात आली. "बहात्तराव्या वर्षी छाती कशाला उघडायची?" असे म्हणणारे जेवढे होते, तेवढेच "झडप बदलली की महिन्याभरात ठणठणीत" असे सांगणारेही होते. दोन्ही मते अपुरी आहेत. वयाला महत्त्व आहेच, परंतु शस्त्रक्रियेनंतर माणूस किती लवकर सावरेल हे बऱ्याच अंशी जुनी झडप अरुंद होत असताना हृदयाच्या स्नायूने काय सोसले, यावर अवलंबून असते.

निरोगी महाधमनी-झडपेचे तोंड उघडल्यावर ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असते. कॅल्शियम साचून ते १ चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी झाले की आजार सामान्यतः तीव्र मानला जातो. अशा फटीतून रक्त सेकंदाला ४ मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने सुटते. बर्नूलीच्या तत्त्वावरून डॉक्टर वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणतात, आणि झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक ६४ मिलिमीटर पाऱ्याइतका येतो. म्हणजे दंडावर मोजलेला रक्तदाब १२० भरत असला, तरी डाव्या निलयाला, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्याला, प्रत्येक ठोक्याला १६० ते १८० च्या घरातील दाब निर्माण करावा लागतो.

हृदय यावर स्वतःच उपाय शोधते आणि भिंत जाड करते. भिंतीवरील ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात व जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे जाडी वाढवून ताण आटोक्यात ठेवता येतो. मात्र जाडीच्या प्रमाणात केशवाहिन्या वाढत नाहीत. आतला थर प्राणवायूला मोताद होतो, काही पेशी मरतात आणि त्यांच्या जागी तंतुमय व्रण तयार होतात. ताठ झालेले निलय दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात नीट सैलावत नाही, आणि ते भरण्यासाठी वरच्या कप्प्याने, म्हणजे अलिंदाने, शेवटी दिलेल्या धक्क्यावर त्याची भिस्त वाढते. निरोगी हृदयात या धक्क्याचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा असतो, तर ताठ हृदयात तो ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आता शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा-तिसरा दिवस पाहा. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि तो धक्काच नाहीसा होतो. ज्याचे निलय लवचिक आहे, त्याला थोडी धडधड जाणवते. ज्याचे ताठ आहे, त्याचा रक्तदाब उतरतो, धाप लागते आणि अतिदक्षता विभागातील मुक्काम वाढतो. म्हणूनच जिना चढताना धाप लागणे, छातीत दुखणे किंवा भोवळ येणे सुरू झाल्यावर "अजून थोडे थांबू" हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

मूत्रपिंडाचे विकार, अनियंत्रित मधुमेह, रक्तक्षय आणि धूम्रपानाने खराब झालेली फुप्फुसे यांमुळेही धोका वाढतो. किडलेल्या दातांतील जंतू नव्या झडपेवर वस्ती करू शकतात, म्हणून दातांची तपासणी आधीच उरकतात. एक चाचणी तर घड्याळावर होते. काकांना दवाखान्याच्या बोळात चिकटपट्टीच्या दोन खुणांमधील ५ मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला सांगितले. त्यांना पाच सेकंद लागले. सहा सेकंदांहून अधिक वेळ लागणे हे अशक्तपणाचे लक्षण मानले जाते, आणि वयाच्या आकड्यातून न कळणारी शरीराची शिल्लक ताकद त्यातून दिसते.

याच काळात काकांच्या मोबाइलवर अर्जुनाची साल आणि दुधीचा रस "झडप मोकळी करतात" असे संदेश येत होते. कॅल्शियमने दगडासारखी झालेली झडपेची पाने काढ्याने वितळत नाहीत. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतही झडपेचे अरुंद होणे थांबले नाही. कडू दुधीच्या रसाने तर गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्या आहेत.

काकांच्या झडपेवरील दाब शस्त्रक्रियेच्या दिवशीच उतरला, छातीचे हाड जुळायला दोन महिने गेले. सहा महिन्यांनी केलेल्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) निलयाची भिंत १५ मिलिमीटरवरून १३ वर आलेली दिसली. ती आणखी काही महिने उतरत राहील, मात्र मेलेल्या पेशींच्या जागचे व्रण तसेच राहतील. सध्या काका तलावाची एक फेरी पूर्ण करतात, मधल्या बाकावर एकदा बसून.