चॅनल पार्टनर की आपला माणूस? नवं घर घेताना सोबत येणारा एजंट

परतवाडा, हिंगणघाट, उमरेड, मूर्तिजापूर, कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडलं की डुप्लेक्स आणि रो-हाऊसच्या स्कीमचे फलक दिसतात. घेणारे बरेचसे आसपासच्या खेड्यांतले. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना, अशी कारणं. साइटच्या ऑफिसात टेबलामागे बसलेला माणूस बिल्डरचा, हे सगळ्यांना कळतं. घोळ होतो तो आपल्यासोबत गाडीवर बसून आलेल्या माणसाबाबत. तो ओळखीचा असतो, कधी नात्यातलाही असतो, आणि म्हणतो, "भाऊ, तुमाले एक रुपया लागत नाई, माहे पैसे बिल्डर देते."

तो खोटं बोलत नाही. पण ज्याचे पैसे बिल्डर देतो तो चॅनल पार्टनर. ज्याचे पैसे आपण देतो आणि जो आपल्या बाजूने भांडतो तो आपला एजंट. लोक दोघांनाही दलालच म्हणतात, दोघंही सारखीच घरं दाखवतात. बाजार समितीत अडत्या शेतकऱ्याचा म्हणवतो, पण रोजची उठबस त्याची खरेदीदारासोबत असते, तसलाच हा प्रकार.

चॅनल पार्टनरचं गणित समजून घेण्यासारखं आहे. बुकिंग झालं की घराच्या किमतीवर ठरलेली टक्केवारी बिल्डर त्याला देतो. बुकिंग झालं नाही तर काही नाही. म्हणजे "हे घर घेऊ नका" हा सल्ला द्यायला त्याला स्वतःच्या खिशाला चाट लावावी लागते. शिवाय बरेच बिल्डर पहिल्या भेटीलाच रजिस्टरमध्ये आपलं नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतात. त्या ओळीत ज्याचं नाव पडलं, ग्राहक त्याचा. रविवारी सहज म्हणून कोणासोबत चक्कर मारून आलात आणि महिन्याने आपला माणूस घेऊन गेलात, तर टेबलामागून ऐकायला मिळतं की तुम्ही अमक्याचे ग्राहक आहात. म्हणून आपला माणूस न्यायचा असेल तर पहिल्याच फेरीला न्यावा.

कायद्याकडे पाहून हा फरक कळेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे घरबांधणी आणि घरविक्रीवर नियमन आणणाऱ्या कायद्यात दोघंही 'रिअल इस्टेट एजंट'च. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायला मदत करणाऱ्याला महारेराची, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणी लागते. प्रकल्पाचा क्रमांक 'पी' अक्षराने सुरू होतो, एजंटचा 'ए' ने. २०२३ च्या आदेशाने एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. तो क्रमांक जरूर मागा, पण तो माणूस कोणाच्या बाजूचा हे त्यावर लिहिलेलं नसतं. एक मात्र आहे: पैसे कोणीही देवो, बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला मिळायची ती सगळी माहिती आणि कागदपत्रं मिळवून देणं हे एजंटचं कायद्याने ठरलेलं काम आहे. तेवढं चॅनल पार्टनरकडूनही हक्काने करून घ्यावं.

अमेरिकेत तिथल्या एजंटांच्या मोठ्या संघटनेने ऑगस्ट २०२४ पासून नियम लावला, की घर दाखवायच्या आधीच घेणाऱ्यासोबत लेखी करार करायचा आणि त्यात मोबदला लिहायचा. आपल्याकडे हे तोंडीच चालतं. आपण मागितला तर मात्र साधा कागदही पुरतो: मी अमुक रक्कम देईन, तुम्ही बिल्डरकडून काही घेणार नाही, घेत असाल तर आधी सांगाल. यावर सही करायला जो कां-कूं करतो, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

खरा फरक दिसतो तो साइटवर. चॅनल पार्टनर टाइल्स आणि मॉड्युलर किचन दाखवतो. आपला माणूस विचारतो, पाया किती खोल गेला? विदर्भातली काळी भारी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल किंवा काळी माती काढून मुरूम भरला नसेल, तर काही पावसाळ्यांनी भिंतींना तिरपे तडे जातात. नवा रंग असताना हे कोणालाच दिसत नाही. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामात असा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं रेरात आहे. पण हे ताबा देताना आपणहून सांगणारा चॅनल पार्टनर विरळा. दर्यापूर, मूर्तिजापूर भागातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या पट्ट्यात, दुसरा प्रश्न पाण्याचा. बोअर आहे म्हणून भागत नाही, पाणी तोंडात घालून पाहावं लागतं.

भावाचं म्हणाल तर नव्या स्कीममध्ये दर फारसा हलत नाही. एकाला कमी केला की पुढचा प्रत्येक जण तोच मागतो. बिल्डर वाकतो तो दुसरीकडे: रजिस्ट्रीचा खर्च, कंपाउंड, किचनचा ओटा, जिन्याखालची जागा. कुठे ओढायचं हे जाणणारा आपला माणूस तिथे आपली फी वसूल करून देतो. टोकनची घाईही तो थांबवतो. करारनामा नोंदवण्याआधी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरात बंदी आहे.

फी मात्र टक्क्यांवर ठरवू नये असं माझं मत. घर महाग तितकी त्याची कमाई जास्त, मग भाव पाडायला तो जीव का काढेल? ठरावीक रक्कम बरी.

आता तालुक्याच्या गावातली अडचण. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंतच असतील, तर प्रकल्पाची रेरा नोंदणी सक्तीची नाही. चार-सहा रो-हाऊसच्या स्कीम त्यामुळे बाहेर राहतात. तिथे 'पी' क्रमांक नसतो आणि एजंटलाही नोंदणी लागत नाही. अशा ठिकाणी मी एजंट शोधतच बसणार नाही. एका वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीचा अहवाल, काढावा: जमीन अकृषक झाली का, भोगवटादार वर्ग १ (मोकळेपणी विकता येणारी) की २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी), नझूल म्हणजे गावातली सरकारी जमीन असेल तर लीज कुठवर आहे, बँकेचा बोजा आहे का. आणि एक इंजिनिअर टेप घेऊन अर्ध्या दिवसासाठी न्यावा, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा मोजायला आणि पाया पाहायला. दोघांचे पैसे आपण द्यावेत, आणि वकील बिल्डरने सुचवलेला नसावा.