सीबी पॉइंट (जुन्या मोटारींतील)

पेट्रोल मोटारीच्या इग्निशन कॉइलमधला प्रवाह जोडणारी व तोडणारी, टंगस्टनच्या टिकल्यांची जोडी. 'कॉन्टॅक्ट ब्रेकर'चे गॅरेजात 'सीबी' झाले. ही जोडी ज्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (कॉइलचा दाब एकेका प्लगला वाटणाऱ्या भागात) बसते त्याला जुने मेकॅनिक 'डेल्को' म्हणतात. चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ साली अमेरिकेत सुरू केलेल्या कंपनीचे हे नाव अजून टिकून आहे.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते. डेल्कोच्या फिरत्या शाफ्टवरच्या उंचवट्यांनी, म्हणजे कॅमने, ते उघडले की क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगला ठिणगी पडते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. तेव्हा झीज होणारच. मात्र कोकण किनाऱ्यावर 'पॉइंट गेले' म्हणून जे काढून टाकले जातात, त्यांतले बरेच झिजलेले नसतात. ते नुसते बसून खराब झालेले असतात.

पावसाळाभर मांगरात उभी असलेली प्रीमियर पद्मिनी गणपतीच्या तोंडावर बाहेर काढली, की सेल्फ मारून बॅटरी बसते पण गाडी घेत नाही. खाऱ्या, दमट हवेने टिकल्यांवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. तो वीज वाहू देत नाही आणि डोळ्याला जेमतेम काळपट दिसतो. इथे कानस उचलू नये. डेल्कोची टोपी काढावी, पॉइंटमध्ये कोऱ्या कागदाची पट्टी धरून ते मिटू द्यावे आणि पट्टी हळू ओढावी. कागदावर करडी रेघ येते. ती येईनाशी होईपर्यंत नवी नवी पट्टी घ्यावी. टोपीच्या आत ओल असेल तर तीही पुसावी, नाहीतर ठिणगी प्लगपर्यंत न जाता टोपीतच वाट काढते.

खरी झीज वेगळी दिसते. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की गॅप (उघडलेल्या टिकल्यांमधले अंतर) कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडते. गाडी तापते, चढाला पिकअप राहत नाही. कशेडी घाटात हे लगेच कळते. गॅप जास्त असेल तर उलट टायमिंग पुढे सरकते आणि कॉइलला भरायला वेळ न मिळाल्याने वेगात गाडी मिस मारते. अॅम्बेसेडरची गॅप साधारण ०.३५ ते ०.४० मिमी, पद्मिनीची ०.४२ ते ०.४८ मिमी. टाच कॅमच्या सर्वांत उंच भागावर आणून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने) गॅप लावतात, स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजतात आणि शेवटी टायमिंग तपासतात. हॅकसॉचे पाते घालून गॅप लावण्याची सवय काहींना असते. पाते ०.६ मिमीच्या वर जाड असते. प्लगला चालून जाईल, पॉइंटला नाही. एका टिकलीवर खड्डा आणि समोरचीवर टेंगूळ असेल, तर गेज तरी काय करणार? टेंगळामुळे माप चुकतेच. असे पॉइंट बदलावेत.

खड्डा-टेंगूळ लवकर पडत असेल तर संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी आवरणाऱ्या छोट्या डबीवर, घ्यावा. पॉइंट उघडताना तिथेच जाड, पिवळट ठिणगी उडत असेल, तर तो गेलेला असतो. आतून शॉर्ट झाला तर प्लगला ठिणगीच येत नाही.

शंका मिटवायला बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. कॉइलची डेल्कोकडची वायर आणि बॉडी यांमध्ये तो जोडावा, स्विच चालू ठेवून इंजिन हाताने फिरवावे. पॉइंट मिटले की दिवा विझायला हवा, उघडले की पेटायला. मिटल्यावरही मंद जळत राहिला तर टिकल्या मळल्या आहेत किंवा डेल्कोतली अर्थची वायर तुटत आली आहे. तपासणी लांबली तर मध्ये स्विच बंद करावा, मिटलेल्या पॉइंटमधून प्रवाह वाहत राहून कॉइल तापते.

कॅमला ग्रीस लावतात ते काडीच्या टोकाएवढेच. जास्त झाले तर उडून टिकल्यांवर जळते. सगळे नवे घालूनही गॅप दर वेळी वेगळी भरत असेल, तर डेल्कोचा शाफ्ट हाताने हलवून पाहावा. त्याला आधार देणारे बुश (कडे) खाल्लेले असते, आणि ते बदलल्याशिवाय पॉइंटशी झगडण्यात अर्थ नसतो.

दूर जाणारे जुने चालक डॅशबोर्डच्या खणात पॉइंटचा सेट आणि कंडेन्सर ठेवतात. त्यातला कंडेन्सर बहुधा जुना, गाडीवर चालवून पाहिलेला असतो. डबीतल्या नव्यावर त्यांचा विश्वास नसतो.