शिक्षण व्यवस्थापन किंवा शिक्षण कायद्यावर एमएड-पीएचडी करताय? लायब्ररीची मेंबरशिप, शिफारसपत्र आणि ऑनलाइन अॅक्सेसची सगळी प्रोसेस

विषय मुख्याध्यापकांचं नेतृत्व असो, शाळा व्यवस्थापन समिती असो, आरटीई (शिक्षण हक्क कायदा) असो की खासगी शाळेतल्या शिक्षकांच्या सेवाशर्ती, असा विषय घेतला की लायब्ररी दोन प्रकारची लागते, एक शिक्षणशास्त्राची आणि एक कायद्याची, आणि आपल्या बहुतेक शिक्षणशास्त्र कॉलेजांच्या लायब्ररीत कायद्याचं कपाट म्हणजे दोन-चार जुनी गाइडं एवढंच असतं. म्हणून रजिस्ट्रेशनचं पत्र हातात आलं की सिनॉप्सिसच्या आधी लायब्ररीचे कागद करून घ्या. नंतर करू म्हणणाऱ्यांचे महिने जाताना मी पाहिलेत.

आधी स्वतःच्या विद्यापीठाचं. पीएचडी संलग्न कॉलेजच्या रिसर्च सेंटरला असली तरी तुम्ही विद्यापीठाचेच विद्यार्थी असता, त्यामुळे मुख्य ग्रंथालयाच्या मेंबरशिपसाठी अर्ज करायचाच, पुण्यात जयकर ग्रंथालय, मुंबईत कलिनाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. हे अनेकांना माहीतच नसतं आणि पाच वर्षं कॉलेजच्या चार कपाटांवर काढतात. साधारण लागतं ते असं: भरलेला फॉर्म आणि त्यावर गाइडची व विभागप्रमुखांची सही, पीएचडी कन्फर्मेशनचं पत्र (एमएडवाल्यांना बोनाफाइड), चालू वर्षाची फी पावती, आयकार्ड आणि आधारची झेरॉक्स, दोन फोटो, आणि डिपॉझिट. रक्कम जागेजागी वेगळी असते, काउंटरवर विचारूनच पैसे न्या. डिपॉझिटची पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, कारण थीसिस जमा करताना लायब्ररीचं नो ड्यूज लागतं आणि डिपॉझिट परत घेताना हीच पावती मागतात.

दुसऱ्याच्या लायब्ररीत जायचं तर शिफारसपत्र लागतं, आणि इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, तिथल्या ग्रंथपालांच्या नावे, त्यात तुमचा विषय, नेमकं काय बघायचंय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, खाली गाइडची सही, प्राचार्यांची सही-शिक्का आणि वर जावक क्रमांक. मी एकदा पहाटेच्या एसटीने एका मोठ्या लायब्ररीत गेले, पत्रावर सगळं होतं पण जावक क्रमांक नव्हता आणि तारखाही नव्हत्या, काउंटरवरच्या बाईंनी पत्र दोनदा उलटून पाहिलं आणि परत दिलं. त्यांचं चूक नव्हतं. पण परतीच्या गाडीत बसल्यावर डोळ्यात पाणी आलं होतं, म्हणून हे इतकं खोलात सांगतेय. जायच्या आदल्या दिवशी फोन करा, वेळ विचारा, झेरॉक्स मिळते का, मोबाइलने फोटो काढू देतात का, सगळं विचारून घ्या.

असं पत्र घेऊन कुठे जायचं? लॉ कॉलेजची लायब्ररी पहिली, कारण एससीसी ऑनलाइन, मनुपात्र ही कोर्टाचे निकाल शोधायची, पैसे भरून घ्यायची साधनं तिथे असण्याची शक्यता जास्त. जुने सरकारी अहवाल पाहिजे असतील तर पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. आणि शैक्षणिक प्रशासन हाच मुख्य विषय असेल तर दिल्लीला नीपा, ती संस्थाच शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनासाठी आहे.

आता घरबसल्याचं. 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झालीय, 30 प्रकाशकांची जवळपास 13 हजार जर्नल्स, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहेत, त्यामुळे तुमचं कॉलेज खासगी असेल तर विद्यापीठाच्या लॉगिनमधून मिळतं का ते ग्रंथपालांना विचारा. कॅम्पसबाहेरून वापरायला इन्फेडचं लॉगिन लागतं, ते ग्रंथालयच तयार करून देतं, त्यासाठी संस्थेचा ईमेल आयडी असेल तर काम सोपं. शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या थीसिसचा ऑनलाइन साठा) आणि एरिक (शिक्षणावरच्या लेख-अहवालांचा अमेरिकी डेटाबेस) मात्र सगळ्यांना फुकट, कागद काही लागत नाही. शोधगंगावर एक गोष्ट लक्षात ठेवा, मराठी थीसिसचं शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत नोंदवलेलं असतं आणि स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं, म्हणून 'एज्युकेशनल लीडरशिप' टाकून काही मिळालं नाही म्हणजे काम झालेलं नाही असं समजू नका, मुख्याध्यापक, शालेय प्रशासन, पर्यवेक्षण असे शब्द दोन्ही लिप्यांत टाकून बघा. एरिकवर ईजे नंबर म्हणजे जर्नलमधला लेख आणि ईडी म्हणजे बाकीचे अहवाल-कागद, रेफरन्स लिहिताना हा फरक कामाला येतो.

कायद्याच्या भागावर मी थोडी जास्त थांबते, कारण शिक्षणवाल्यांची चूक इथेच होते. आपण कायदा पुस्तकासारखा वाचतो, म्हणजे एकदा छापलं की तेच कायम. एका मैत्रिणीने डेझर्टेशनमध्ये लिहिलं की महाराष्ट्रात सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या विनाअनुदानित खासगी शाळेला आरटीईच्या 25 टक्के प्रवेशातून (वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या जागा) सूट आहे. तशी अधिसूचना 9 फेब्रुवारी 2024 ला निघाली होती हे खरंच, पण मुंबई हायकोर्टाने ती 19 जुलै 2024 ला रद्द केली आणि पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. व्हायवात तोच प्रश्न आला. तसंच सुप्रीम कोर्टाच्या प्रमती निकालाचं, 2014 मध्ये अल्पसंख्याक शाळा आरटीईबाहेर गेल्या एवढं सगळे लिहितात, पण 1 सप्टेंबर 2025 च्या टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) निकालात सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावरच शंका घेऊन प्रश्न मोठ्या खंडपीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला, ही ओळ तुमच्या थीसिसमध्ये असायला हवी.

पद्धत अवघड नाही. इंडियन कानून या वेबसाइटवर निकाल शोधा, तो पुढे कोणकोणत्या निकालांनी उद्धृत केलाय ते तिथेच दिसतं, ते शेवटपर्यंत वाचा, मग सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर पोर्टलवरून अधिकृत प्रत उतरवा (फुकट आहे, काही निकाल मराठीतही आहेत) आणि सायटेशन (निकालाचा संदर्भ) त्यावरूनच द्या. सेवाशर्तीवर काम असेल तर 1977 चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि 1981 ची नियमावली शेजारी शेजारी ठेवून वाचा, नुसता कायदा वाचून सेवाज्येष्ठता कळत नाही, ती नियमावलीच्या अनुसूची 'फ' मध्ये आहे. जीआर शासनाच्या साइटवरून घ्या आणि सांकेतांक क्रमांक लिहून ठेवा, व्हॉट्सअॅपवर आलेला जीआर रेफरन्सला चालत नाही.

जे कुठेच मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा. साध्या कागदावर अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस, म्हणून हा अर्ज डेटा कलेक्शनच्या सुरुवातीलाच टाका, शेवटी नको.

प्लॅजिअरिझमची भीती कायद्यावर लिहिणाऱ्यांना फार असते, की कलमं जशीच्या तशी लिहिली तर साम्याचा टक्का वाढेल. यूजीसीच्या 2018 च्या नियमात कायद्यांचा मजकूर, संदर्भसूची आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं साम्य मोजताना वगळायची असं स्पष्ट आहे. 10 टक्क्यांपर्यंत काही कारवाई नाही, 10 ते 40 मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावं लागतं, 40 ते 60 मध्ये एक वर्ष जमा करता येत नाही, आणि 60 च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. रिपोर्टमध्ये कलमांमुळे टक्का फुगलेला दिसला तर घाबरून कलमाची भाषा बदलू नका, कायद्याचे शब्द बदलले की अर्थ बदलतो, त्याऐवजी नियमाची प्रिंट घेऊन ग्रंथालयात जा आणि तो भाग वगळून पुन्हा रिपोर्ट काढून मागा.