पोट (शब्द व प्रयोग)

उदर या अर्थाचा मराठी शब्द. उपजीविका, गर्भ, अंतःकरण, वस्तूचा आतला भाग आणि मोठ्यात मोडणारा लहान विभाग, असेही त्याचे अर्थ आहेत. ग्रामीण विदर्भाची बोली आणि तेथील जुन्या वृत्तपत्रांची भाषा यांपुरता त्याचा विचार येथे केला आहे.

व्युत्पत्ती : शब्द प्राकृत ‘पोट्ट’वरून आला, याबद्दल फारसा मतभेद नाही. हाल या सातवाहन राजाच्या ‘गाथासप्तशती’ या प्राकृत पद्यसंग्रहात तो आढळतो. या संग्रहाचा काळ परंपरेने इ.स.चे पहिले शतक मानला जातो. मात्र त्यात पुढेही काही शतके भर पडत गेली असावी. हेमचंद्र या जैन वैयाकरणाने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ या देशी शब्दांच्या कोशात ‘पोट्ट’ नोंदवला, म्हणजे त्याच्या मते तो संस्कृतातून सिद्ध होत नव्हता. वाद आहे तो त्यामागच्या उगमाचा. संस्कृत ‘पुट’शी (दोणा, खोलगट वस्तू) नाते जोडायचे तर जोड ‘ट्ट’चा खुलासा करावा लागतो. तेलुगूत ‘पोट्ट’ आणि कन्नडात ‘होट्टे’ (जुने रूप ‘पोट्टे’) हे शब्द पोटालाच आहेत. त्यामुळे द्राविडी उगमाचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. तथापि देवघेवीची दिशा केवळ रूपसाम्यावरून ठरवता येत नाही.

वऱ्हाडी-नागपुरीतील ‘पोट्टा, पोट्टी, पोट्टे’ (मुलगा, मुलगी, मुले) हे शब्द याच कुळातले की वेगळे, हा जोडप्रश्न आहे. संस्कृत ‘पोत’ (पिल्लू) हे मूळ मानण्यात अर्थ चांगला जुळतो. पण प्राकृतात त्याचे ‘पोअ’ होते, त्यातून ‘ट्ट’ निघणे कठीण. तेलुगू ‘पोट्टि’ (ठेंगणा) हेही रूप जवळचे आहे, आणि गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर असलेल्या सिरोंचाकडे तेलुगू-मराठीचा शेजार जुनाच. ‘पोटचा’ म्हणजे स्वतःचे अपत्य. हा प्रयोग पाहता ‘पोट’शी संबंध मानणे सोपे जाते. प्रमाण मराठीतून लोपलेले प्राकृत द्वित्त (जोड ‘ट्ट’) येथे टिकले, असे मग म्हणावे लागेल. ‘काय बे पोट्ट्या’ ही हाक अपमानाचीच असते असे नव्हे. बोलणाऱ्याच्या नात्यावर तिचा गोडवा ठरतो.

शेतीच्या बोलीत कणीस पानाच्या आवरणात फुगले की ज्वारी ‘पोटरीत’ आली म्हणतात. पायाच्या पोटरीप्रमाणे येथेही फुगीरपणाच नावाला कारण झाला आहे. ‘जनावरांच्या पोटाला कडबा’ यात पोट म्हणजे खाणे, तर ‘पोटावारी’ राबणे म्हणजे नुसत्या जेवणावर राबणे.

वृत्तपत्रे : नागपूरचे ‘देशसेवक’ (1907) व ‘महाराष्ट्र’ (1914), यवतमाळचे ‘लोकमत’ (1918) यांच्या काळात मराठी अग्रलेखाची भाषा घडत होती. त्या भाषेत पोट दोन टोकांना येते. दुष्काळ, मजुरी, कापसाचे भाव यांविषयी लिहिताना ‘पोटाची खळगी’, ‘पोटाला चिमटा’, ‘पोटावर पाय’. प्रतिपक्षावर लिहिताना ‘पोटशूळ’, ‘पोटभरू’, ‘पोटार्थी’. 1896–97 आणि 1899–1900 च्या दुष्काळांत मध्यप्रांत-वऱ्हाड होरपळले. ज्या वाचकांनी तो काळ पाहिला होता, त्यांना पहिल्या गटातले प्रयोग अलंकारिक वाटले नसावेत, हे ध्यानात ठेवूनच ते वाचायला हवेत. ‘पोटतिडीक’ मात्र गौरवाचा शब्द राहिला. ‘पोट्टे’ला वृत्तलेखनात सहसा जागा मिळाली नाही, तो संवादात आणि विनोदी लेखनात येतो.

‘पोट-’ हे उपसर्गासारखे पूर्वपद : पोटनिवडणूक, पोटकलम, पोटनियम, पोटजात. 1956 पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी द्विभाषिक राज्याची राजधानी होती. तेव्हा हिंदीत ‘उपचुनाव’ असलेली गोष्ट मराठीत ‘पोटनिवडणूक’च राहिली. पुढे ‘उप-’ने बरीच जागा घेतली, तरी हा देशी शब्द ढळला नाही. निर्वाहाच्या रकमेला ‘पोटगी’ म्हणतात, तेही पोटावरूनच.

महसुली ‘पोटखराब’ म्हणजे सर्व्हे नंबराच्या आतली लागवडीस अयोग्य जागा. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची पद्धत) मोजणी झाली, तर नागपूर-चंद्रपूरकडे मालगुजारी (गावचा सारा मालगुजारामार्फत भरण्याची पद्धत) होती. म्हणून हा शब्द पश्चिम विदर्भात आधी रुळला असावा. आज सातबाऱ्यावर त्याचे दोन वर्ग येतात : खडक, नाला अशा कारणांनी पडीक ते ‘अ’, आणि रस्ता, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेले ते ‘ब’.