‘भांड्याला भांडं लागतंच’ हे छळाला लागू नाही

नवऱ्याने हात उचलला की नातेवाईक हमखास म्हणतात, ‘भांड्याला भांडं लागतंच, टाळी एका हाताने वाजत नाही.’ भांडणापुरतं ते खरं आहे. भांडणात दोघंही बोलतात, दोघंही चिडतात, आणि ‘नाही’ म्हणायची भीती कुणालाच नसते. छळात एकाच्या धाकावर घर चालतं. गल्लीत स्कूटरचा आवाज आला की ती आईचा फोन अर्ध्यावर ठेवते. पगार तिचा, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. तिने एकदा उलट हात उचलला म्हणून हिशेब बरोबरीचा होत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही धरतो, तो यामुळेच.

आम्हा चळवळीतल्या लोकांची चूक उलटी होते. बैठकीत कुणी ठरावाला विरोध केला, आवाज चढला, की आम्ही त्यालाच छळ म्हणतो. विरोध टोचतो, मान्य. पण तुमचं काम, पैसा, माणसं तोडायला तो निघालेला नसेल, तर तो मतभेदच. तिथे समोरासमोर बसून बोला. छळात मात्र दोघांना एकत्र बसवून समेट घडवू नका. आधी तिला एकटीला गाठून विचारा, ‘आज घरी जायला भीती वाटते का?’