लाकडाच्या मापावरून पैसे अडलेत? लोकअदालतीत दाखलपूर्व अर्ज असा करा

पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी पट्ट्यात सागाची झाडं विकली की भांडण दरावरून क्वचितच होतं. होतं ते मापावरून. दर घनफुटाला ठरतो, पण घनफूट काढायचा कसा, हे इसार पावतीवर कुणी लिहीत नाही.

वखारीत बहुधा चौथाई घेराची रीत चालते. घेराला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर इंचात आणि लांबी फुटात असेल तर शेवटी 144 ने भागायचं. 48 इंच घेराचा 10 फुटी ओंडका या रीतीने 10 घनफूट भरतो. त्याचं खरं घनफळ 12.73 घनफूट असतं. हा फरक रीतीतच आहे. ती दोघांनी मान्य केली असेल तर तक्रारीला जागा नाही, कारण दरही तोच हिशेब धरून ठरतो.

पैसे जातात ते टेप कुठे लावली यावर. माझ्या चुलत्यांच्या सागाला व्यापाऱ्याच्या माणसाने टेप ओंडक्याच्या मध्यावर न लावता शेंड्याकडच्या तोंडाला लावली, आणि वर सालीचे म्हणून तीन इंच वजा केले. वरच्याच ओंडक्याचा शेंडा 40 इंच धरला, तर असं माप 37 इंचांवर येतं आणि 10 घनफुटांचे 5.94 घनफूट होतात. चुलते शेजारीच उभे होते. टेप खरी होती, आकडाही खरा होता, म्हणून त्यांनी चिठ्ठीवर सही केली. तुम्ही ती करू नका. करावीच लागली, तर सहीशेजारी ‘माप मान्य नाही, हक्क राखून रक्कम घेतली’ एवढं लिहा.

दाखलपूर्व अर्ज, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधी तडजोडीसाठी लोकअदालतीत द्यायचा अर्ज, कोण करू शकतं? माप लावून झाड विकलेला कुणीही शेतकरी, तसंच तोडणीचा ठेका घेतलेला ठेकेदारही. झाडं उक्ती दिली असतील, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच रक्कम ठरली असेल, तर मापाचा वाद उभा राहत नाही. ग्राहक आयोगाकडे हेलपाटे घालू नका. तुम्ही माल विकलेला आहे, त्यामुळे तिथे तुम्ही ग्राहक ठरत नाही. लोकअदालतीसाठी उत्पन्नाची अट नाही. अट आहे ती मोफत वकिलासाठी, आणि त्यातही महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या अर्जदारांना ती लागू नाही.

कागदांमध्ये सातबारा, आधार, इसार पावती किंवा करार, मापाच्या चिठ्ठ्या आणि पैसे जमा झाल्याचं पासबुकाचं पान लागतं. सातबाऱ्यावर भावकीची नावं असतील तर त्यांचं संमतीपत्र आधीच घ्या. पण सगळ्यांत वजनदार कागद वन खात्याचे. साग, आंबा, फणस, हिरडा ही झाडं 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तोडीच्या परवानगीच्या वेळी झाडांची नोंद झालेली असते. लाकूड वाहतूक पासावर गेलं असेल तर नग आणि मापंही कागदावर आलेली असतात. हा आकडा तुमचा नाही आणि व्यापाऱ्याचाही नाही, म्हणूनच तो उपयोगी पडतो. प्रत हाती नसेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

शेतातले खुंटही राखा. खुंटाचा घेर म्हणजे ओंडक्याचा घेर नव्हे, तरी झाडं किती होती आणि केवढी होती, हे तो सांगतो. टेप लावून, आकडा वाचता येईल असा फोटो काढा.

अर्ज साध्या कागदावर चालतो. कराड, पाटण, शिराळा अशा तालुका न्यायालयांत तालुका विधी सेवा समिती असते, आणि साताऱ्यात व सांगलीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. ‘दाखलपूर्व प्रकरण’ म्हणून अर्ज द्या. त्याला कोर्ट फी नाही. अर्जात दोन तक्ते जोडा: त्यांच्या मापाने किती घनफूट, ठरलेल्या रीतीने किती, आणि फरकाची रक्कम. रागाची चार पानं लिहिण्यापेक्षा हे एक पान लोकअदालतीच्या पॅनलला लवकर कळतं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अडचण आली तर 15100 या हेल्पलाइनवर विचारा.

समोरच्याला नोटीस जाते. तो आला आणि तडजोड झाली, तर निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी रक्कम आणि तारीख दोन्ही वाचा. तो आलाच नाही, तर लोकअदालत बळजबरी करू शकत नाही आणि तुम्हाला दिवाणी दावा लावावा लागतो. त्याची मुदत 3 वर्षांची. दाखलपूर्व अर्ज केला म्हणजे मुदत थांबली, असं धरून चालू नका.

लाकूड अजून वखारीत अखंड पडलं असेल तर मात्र लोकअदालतीच्या तारखेची वाट बघू नका. एकदा ते करवतीखाली गेलं की फेरमाप नाही. वकिलाकरवी लगेच दावा लावून, ओंडके मोजायला कोर्ट कमिशनर, म्हणजे न्यायालयाचा माणूस, नेमावा आणि तोवर माल हलवू नये, असा अर्ज त्याच दिवशी द्या.

निवाडा होऊनही रक्कम आली नाही, तर नवा दावा लागत नाही. निवाड्याची प्रमाणित प्रत घेऊन न्यायालयात थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची.