जर्मन पात्राचं आडनाव ठरवण्याआधी

कथेत जर्मन माणूस आला की पटकन सुचतं ते म्युलर किंवा श्मिट. नावं अस्सल आहेत. म्युलर तर जर्मनीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. पण ते देशभर सगळीकडे सापडतं, त्यामुळे पात्र कुठल्या मुलखातलं ते कळत नाही. म्हणून आधी मुलूख आणि साल ठरवावं, मग आडनाव.

बाराव्या शतकाच्या सुमारास शहरं वाढली, एकेका गल्लीत चार-चार हान्स राहू लागले. मग धंदा, गाव, बापाचं नाव यांवरून माणसं ओळखायची पद्धत पडली. धंदा तोच, पण बोलीप्रमाणे शब्द वेगळा. गाड्या बनवणारा दक्षिणेत वाग्नर, तर ईशान्येकडे श्टेलमाखर. नैऋत्येकडच्या श्वाबियात शेवटी 'ले' येतो: हेबर्ले, बॉयर्ले. ईशान्येची फिर्खो, ब्यूलो ही आडनावं स्लाव्ह वळणाची; रोमन लिपीत त्यांच्या शेवटी येणारा डब्ल्यू उच्चारत नाहीत, म्हणून मराठीत 'फिर्खोव' लिहू नये.

मला सर्वांत मोह पडतो तो उत्तर समुद्राकाठच्या पूर्व फ्रिसियाचा. तिथे आडनाव दर पिढीला बदलायचं. बाप हार्म, म्हणून मुलगा यान हार्म्स. यानच्या थोरल्याला आजोबांचं नाव, म्हणजे पुन्हा हार्म. पण आडनाव मात्र यान्सेन. नेपोलियनच्या राजवटीने १८११ मध्ये कायमचं आडनाव सक्तीचं केलं, तरी जुनी सवय लगेच सुटली नाही. तेव्हा १७५० च्या एम्डेन या तिथल्या बंदरातल्या कोळ्याच्या घरात आजोबा, मुलगा आणि नातू यांना सरसकट एकच आडनाव देऊन चालणार नाही.

ज्यू पात्रांच्या बाबतीत तर फारच जपून. ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याच्या मुलखात सम्राट जोसेफ दुसरा याने १७८७ मध्ये, प्रशियात १८१२ मध्ये त्यांना कायमचं आडनाव घ्यायला लावलं. रोथशिल्डसारखी आडनावं त्याआधीही होती, पण पुष्कळ घरांत बापाचंच नाव पुढे लावत.

आणि आडनावाआधी लागणारा, सरदार घराण्याची खूण असलेला 'फॉन'. खानदानी वाटावं म्हणून तो सर्रास चिकटवला जातो. जर्मनीत १९१९ च्या राज्यघटनेने सरदारांचे विशेषाधिकार काढले, पण 'फॉन' आडनावाचा भाग म्हणून राहू दिला. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी तो वापरायलाच बंदी घातली. त्यामुळे १९३० च्या बर्लिनमधला बॅरन दारावरच्या पाटीवर 'फॉन' लिहील. व्हिएन्नातल्या त्याच्या चुलतभावाच्या सरकारी कागदांवर मात्र तो दिसणार नाही.